‘तसं जबाबात का नाही, ते सांगता येणार नाही’

‘सर, मी एका ग्रामपंचायतीत वसुली लिपिक आहे. २०१६-१७ च्या लेखापरीक्षणात असं निघालं की घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या फाडल्या, पण दोन लाख चौदा हजार रुपये बँकेत भरलेच नाहीत. ग्रामसेवकांवर दंड संहितेचं ४०९, म्हणजे लोकसेवकाने केलेला विश्वासघात, लागलं. पावत्या माझ्या हातच्या आहेत. पैसे मी दर शनिवारी त्यांच्याकडे द्यायचो. विस्तार अधिकारी चौकशीला आले तेव्हा मी लिहून दिलं की सगळी रक्कम पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीवर परस्पर खर्च झाली आणि ती माझ्यासमोर झाली. तो मजकूर ग्रामसेवकांनी आदल्या रात्री कच्चा लिहून दिला होता, मी उतरवून काढला आणि सही केली. पुढे पोलिसांना मी सांगितलं की पैसे त्यांच्या हातात दिले, पुढचं मला माहीत नाही. पण पोलिसांच्या कागदात “दररोज संध्याकाळी देत असे” असं टाइप झालंय. एकदा पाण्याची मोटार जळाली तेव्हा साडेतीन-चार हजार खरोखर खर्च झाले, ते मी पाहिलंय; पोलिसांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्याकडे एक छोटी वही आहे. दर शनिवारी किती दिले ते तिच्यात लिहिलंय, अकरा ठिकाणी ग्रामसेवकांची बारीक सही आहे. मागच्या पानांवर आमच्या भिशीचा हिशेब आहे, म्हणून ती कुणाला दाखवली नाही. २०२१ मध्ये दोषारोप ठेवला गेला, आता मला समन्स आलंय. ग्रामसेवकांचे मेहुणे घरी येऊन सांगून गेले, “पहिल्या जबाबावर राहा, तुम्हालाही त्रास नाही.” मी कोणता जबाब धरू? खोट्या साक्षीचा खटला होईल का? मीच अडकेन का? माझ्यामुळे केस पडली तर?’
एक लिपिक, मराठवाडा

तुमचं पत्र वाचताना तालुका न्यायालयातली दुपार आठवली. न्यायाधीश सांगतायत, लघुलेखक टंकतोय आणि पिंजऱ्यातला माणूस खाली बघत म्हणतोय, ‘तसं मी पोलिसांना सांगितलं होतं. जबाबात का नाही, ते सांगता येणार नाही.’ सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून मी नोकरी केली, त्या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य हेच असेल. पुष्कळदा ते खरंही असतं. जबाब लिहिणारा हवालदार एका बैठकीत आठ जणांचे जबाब उरकतो. ‘दर शनिवारी’चं ‘दररोज’ व्हायला त्याला बेइमान असावं लागत नाही, चहा गार होत असला तरी पुरे.

तुमचा पहिलाच प्रश्न मात्र वाकडा आहे. ‘कोणता जबाब धरू’ असं विचारताय, म्हणजे दोनपैकी एक पाठ करून जायचं ठरवलंय. तुमच्याच पत्रावरून दिसतं की दोन्ही अपुरे आहेत. पहिल्यात सगळी रक्कम खर्च झाली म्हणता, आणि तुम्ही पाहिली फक्त मोटारीची. दुसऱ्यात पुढचं काहीच माहीत नाही म्हणता, आणि मोटारीचं माहीत आहे. न्यायालयाला दोन्हीपैकी कुठलाच कागद नकोय. त्याला पाहिजे ते तुम्ही मला पत्रात लिहून पाठवलंय.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे कुणालाही दिसेल, आरोपीच्या वकिलांना तर आत्ताच दिसलंय. पण एका गोष्टीवर ते भांडत नाहीत. परस्पर खर्च झाला म्हणा नाहीतर शनिवारी हातात दिले म्हणा, दोन्हीत पैसे लिपिकाकडून निघून ग्रामसेवकांकडे गेले आहेत. ४०९ चा पाया तिथेच असतो. मालमत्ता लोकसेवकाच्या हवाली झाली होती का, हा पहिला प्रश्न. तिचं त्याने अप्रामाणिकपणे काय केलं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर साक्षीदार फुटले तर खटला खरोखर पडतो. दुसऱ्यावर फुटले तर निकाल डळमळतो, पण लगेच पडत नाही.

पडत नाही, त्याचं कारण १९६० चा एक निकाल. प्रकरण आपल्या मुंबईचंच: वस्त्र आयुक्तांनी एका कारखान्याला रंगवायला कापड दिलं, कापड पूर्ण परत आलं नाही. जयकृष्णदास देसाई खटला म्हणून वकील तो ओळखतात. कापडाचं नेमकं काय केलं हे सरकार पक्षाने दाखवलं पाहिजे, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. मालमत्ता हवाली झाली हे सिद्ध झालं, हिशेब देणं कर्तव्य होतं आणि हिशेब दिला नाही किंवा दिलेलं स्पष्टीकरण खोटं निघालं, तर अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढता येतो. विकलं कुणाला, कुठल्या तारखेला, हे दाखवायची सक्ती नाही. याचा अर्थ केवळ हिशेब जुळला नाही म्हणजे माणूस गुन्हेगार, असाही नाही. नमुना ५ ची रोकडवही अर्धवट ठेवणारा प्रत्येक ग्रामसेवक चोर नसतो. दप्तराची दैना झालेले कितीतरी प्रामाणिक लोक मी निलंबित होताना पाहिलेत.

आणि म्हणूनच तुमचे मोटारीचे चार हजार महत्त्वाचे आहेत. ते आरोपीच्या बाजूचे आहेत. सांगा. परस्पर खर्च ही आर्थिक अनियमितता आहे; वसुली आधी बँकेत भरायची आणि मग धनादेशाने खर्च करायचा. पण गावाची मोटार खरोखर भरून आणली असेल तर तेवढ्या रकमेपुरता अपहार म्हणता येणार नाही. तुम्ही ते लपवलंत आणि उलटतपासात वाइंडिंगवाल्याचं बिल समोर आलं, तर ‘हा साक्षीदार सोयीचं तेवढंच बोलतो’ हा डाग उरलेल्या दोन लाख दहा हजारांवरही पडेल.

‘दररोज’ की ‘शनिवारी’ याची झोप उडवू नका. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२ तसं सांगतं. तो कागद म्हणजे तुमची साक्ष नव्हे. त्याचा उपयोग मुख्यतः एवढाच की त्यातला एखादा भाग तुमच्यापुढे धरून ‘तुम्ही तेव्हा वेगळं म्हणाला होतात’ असं दाखवता येतं. वकील विचारतील, ‘पोलिसांना तुम्ही दररोज संध्याकाळी पैसे देत असे सांगितलं का?’ तुम्ही तसं सांगितलं नसेल तर ‘नाही, मी दर शनिवारी असं सांगितलं होतं’ म्हणा. मग त्या ओळीला ‘अ ते अ’ अशी खूण होईल आणि पुढे तपास अधिकाऱ्याला विचारतील, हे साक्षीदाराने सांगितलं होतं का? तो ‘हो’ म्हणाला की विसंगती नोंदली गेली. झालं. तुमचं काम तिथे संपतं. हवालदाराने तसं का लिहिलं याचा खुलासा तुम्ही करायचा नाही, अंदाज तर मुळीच बांधायचा नाही.

अशा विसंगतीला किती वजन द्यायचं यावर सर्वोच्च न्यायालय अनेक दशकं तेच सांगत आलंय. १९८३ च्या गुजरातमधल्या एका निकालात तर त्याची कारणंच मांडली आहेत: माणसाचं डोकं म्हणजे ध्वनिचित्रफीत नव्हे, तारीख-वेळेचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो, न्यायालयातल्या वातावरणाने साधा माणूस बिचकतो. वर्षं लोटल्यावर शब्दन् शब्द जुळणारी साक्षच उलट संशयाची. ‘एक बाब खोटी तर सगळंच खोटं’ हा नियम भारतात चालत नाही, असं १९५७ मध्येच सांगून झालंय. शिवाय तुमच्या प्रकरणात तारखांची धार आणखी बोथट आहे. विश्वासघाताच्या गुन्ह्यात दोषारोप ठेवताना प्रत्येक पावतीची तारीख लिहावी लागत नाही. एकूण रक्कम आणि कालावधी दिला की पुरतं, फक्त तो कालावधी एका वर्षापेक्षा जास्त नको. एक एप्रिल ते एकतीस मार्च त्यात नेमकं बसतं.

पहिला जबाब मात्र हलक्यात घेऊ नका. तो पोलिसांपुढचा नाही, त्यामुळे कलम १६२ ची सावली त्याला नाही. तो तुमच्या अक्षरात आहे, तुमची सही आहे. दिलेला अधिकाऱ्याला आहे. पुरावा कायद्याच्या कलम १४५ खाली तो सरळ तुमच्या हातात देऊन विचारतील, ‘अक्षर कुणाचं? सही कुणाची? हा मजकूर खरा की आज सांगताय ते खरं?’ इथे अनेक साक्षीदार फसतात. ‘सही माझी आहे, मजकूर वाचला नव्हता’ असं म्हणतात. मजकूर स्वतःच्या हातचा असताना हे उत्तर म्हणजे आत्मघात. एकदा एका शिपायाने तसं म्हटल्यावर न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं होतं. लिहिलं काहीच नाही, पण साक्ष तिथेच संपली.

तुमचं उत्तर तुम्हीच पत्रात दिलंय. मजकूर माझ्या हातचा आहे, सही माझी आहे, कच्चा मजकूर आरोपीने दिला होता, मी घाबरून उतरवला, त्यातला मोटारीचा भाग खरा आहे, बाकीचा मी पाहिलेला नव्हता. यात तुमची लाज जाईल. जाऊ द्या. साक्षीदाराच्या भित्रेपणाने न्यायाधीशाला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटतं ते भित्रेपणा झाकणाऱ्याच्या चलाखीचं.

आणि हे उलटतपासात ओढून काढेपर्यंत थांबू नका. साक्षीच्या तारखेआधी सरकारी अभियोक्त्यांना भेटा, त्यांना तुमच्या दोन्ही जबाबांबद्दल सगळं सांगा. मग सरतपासातच, म्हणजे तुमची साक्ष घेतानाच, ते स्वतः विचारतील की याआधी तुम्ही वेगळं लिहून दिलं होतं का. आपल्याच तोंडून आधी आलेली विसंगती आणि विरुद्ध वकिलाने खेचून काढलेली विसंगती, शब्द तेच असले तरी वजन निराळं पडतं. अभियोक्त्यांना भेटणं म्हणजे पढवून घेणं नाही. ‘आज सकाळी जबाब वाचून आलात ना?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि साक्षीदार कारण नसताना ‘नाही’ म्हणतात. वाचला असेल तर ‘हो’ म्हणा. जबाब वाचणं हा काही गुन्हा नाही.

खोट्या साक्षीबद्दल. भारतीय दंड संहितेच्या १९३ मध्ये न्यायालयीन कामात शपथेवर खोटं बोलल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. तुमचे दोन्ही जबाब शपथेवरचे नाहीत. दंडाधिकाऱ्यांपुढे प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली शपथेवर जबाब झाला असता तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. आता शपथ घेऊन जे बोलाल ते मोजलं जाईल, आणि त्यावरही कारवाई करायची तर न्यायहितासाठी ती इष्ट आहे असं न्यायालयाला आधी वाटावं लागतं. केवळ आधीच्या कागदाशी जुळलं नाही म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. मात्र अधिकाऱ्याला खोटं लिहून दिलंत, त्याबद्दल तुमच्यावर प्रशासकीय कारवाई होऊ शकते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

‘मीच अडकेन का’ हा तुमचा खरा प्रश्न, बाकीचे त्याच्या आडोशाला उभे आहेत. पावत्या तुमच्या अक्षरात आहेत, तेव्हा बचावाची दिशा उघड आहे: पैसे लिपिकाने ठेवले आणि खापर साहेबांवर फोडलं. पुराव्यातून कुणाचा सहभाग दिसला तर प्रक्रिया संहितेच्या कलम ३१९ खाली न्यायालय नव्याने आरोपी जोडू शकतं. म्हणून स्वतःचा वकील गाठा, सरकारी अभियोक्ता तुमचा वकील नसतो. आणि त्याला पुरावा कायद्याचं कलम १३२ विचारा. उत्तराने आपण अडकू म्हणून साक्षीदाराला गप्प बसता येत नाही, पण असं भाग पाडून घेतलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद एकच, त्या उत्तरात खोटं बोलल्याचा खटला. हे संरक्षण उत्तर देण्याआधी मागावं: ‘साहेब, या उत्तराने मी अडचणीत येऊ शकतो, मला १३२ चं संरक्षण द्यावं.’ नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, म्हणून गोंधळू नका. १ जुलै २०२४ ला चालू असलेले खटले जुन्याच कायद्यांनी चालतात, तुमचा त्यातलाच.

गावकऱ्यांच्या साक्षीही एकमेकींशी जुळणार नाहीत. एक म्हणेल पैसे लिपिकाकडे दिले, दुसरा म्हणेल ग्रामसेवकाकडे. ते जुळवायला त्यांच्या घरी जाऊ नका, अगदी ‘आठवण करून द्यायला’सुद्धा नको. नमुना १० च्या पावत्या प्रत्येकाकडे आहेत, स्थळप्रती दप्तरात आहेत. दोन्ही शेजारी ठेवल्या की आठवणीपेक्षा कागद जास्त बोलतो. मूळ पावतीवर साडेचौदाशे आणि स्थळप्रतीवर साडेचारशे, असा प्रकार मी स्वतः हाताळलाय. तिथे गावकऱ्याला महिना आठवला नाही म्हणून काडीचाही फरक पडला नव्हता.

केस तुमच्यामुळे पडेल का, याची काळजी करताय. माझ्या हातून सुटलेला एक खटला सांगतो. एका कार्यालयाच्या तिजोरीतून रोकड गेली. भरणा करणाऱ्या शिपायाने तीन वेळा तीन वेगळ्या तारखा सांगितल्या, आणि मी सगळा वेळ त्या तारखा सांधण्यात घालवला. रोखपाल निर्दोष सुटला. निकालपत्रात तारखांवर दोन ओळी होत्या. चार पानं होती किल्लीवर. तिजोरीला दोन किल्ल्या, एक रोखपालाकडे आणि एक साहेबांकडे, आणि त्या दिवशी दुसरी किल्ली कुणाकडे होती हे मी एकाही साक्षीदाराला विचारलंच नव्हतं. रोकड नेमकी कुणाच्या ताब्यात होती, तेच सिद्ध झालं नाही. शिपायाला मी मनातल्या मनात बरीच वर्षं दोष दिला, फुकट.

मेहुण्यांचं काय करायचं? ते ‘पहिला जबाब’ म्हणतायत, कारण सगळे पैसे गावासाठी खर्च झाले हे सांगणारे तुम्हीच एकटे आहात. तुम्ही ऐकलंत तर अभियोक्ते न्यायालयाच्या परवानगीने तुम्हाला फितूर ठरवून तुमचाच उलटतपास घेतील. १९७६ पासून हे पक्कं आहे की फितूर झाला म्हणून साक्ष पुसली जात नाही, तिच्यातला पटणारा भाग न्यायालय उचलतं. म्हणजे दोन्हीकडचे वकील तुम्हाला सोलणार आणि मोटार सोडून काहीच तुमच्या हाताला लागणार नाही. साक्षीदाराला खोटं बोलण्यासाठी धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ते नुसतं चहा पिऊन गेले असतील तर तारीख, वेळ आणि घरात कोण होतं एवढं लिहून ठेवा आणि अभियोक्त्यांच्या कानावर घाला. प्रकरण धमकीपर्यंत गेलं तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो. तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात.

साक्ष संपली की लगेच निघू नका. टंकलेली साक्ष वाचून दाखवली जाते, तो तुमचा हक्क आहे. ‘शनिवारी’चं पुन्हा ‘दररोज’ झालेलं असेल तर तिथेच, सहीआधी, उभं राहून सांगा. बसस्टँडवर आठवून उपयोग नाही. साक्षीभत्त्याचा अर्जही त्याच दिवशी द्या, लाजू नका.

राहिली वही. सगळ्या पत्रात मला हेवा वाटला तो तिचा. हिशेबाच्या वहीतल्या नोंदी एकट्या कुणाला दोषी धरायला पुरत नाहीत, नेत्यांना पैसे दिल्याच्या नोंदी असलेल्या हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात १९९८ ला ते देशाने पाहिलं. म्हणून तर तुमची तोंडी साक्ष लागते. पण व्यवहाराच्या वेळी स्वतः लिहिलेला कागद बघून साक्षीदाराला पिंजऱ्यात आठवण ताजी करता येते. तो बघितलात की विरुद्ध वकीलही तो बघणार, भिशीसकट. बघू द्या. शनिवारच्या रकमा, अकरा बारीक सह्या आणि मागे भिशी कुणाला लागली याचा हिशेब, हे सगळं एकाच वहीत असणं हेच ती नंतर बसून बनवलेली नाही याचं लक्षण आहे. तेव्हा भिशीची पानं फाडू नका. सुटलेल्या शनिवारी आकडे भरू नका, पुसट झालेल्यावर पेन फिरवू नका, लॅमिनेशन तर नकोच. झेरॉक्स काढा, आणि मूळ वही अभियोक्त्यांमार्फत तपास अधिकाऱ्याकडे पोचपावती घेऊन द्या. इतकी वर्षं का दिली नाही असं विचारतील. भिशीमुळे, असं सांगा.